जंगलाची हजेरी

मुलांनो, आधी एक सोपं गणित. २०१६ साली पहिलीत असलेली मुलगी २०२४ साली कितवीत असेल? मधे कुठे नापास झाली नाही असं धरून चाला! आलं ना उत्तर? नववीत.

आता याच गणिताची पुढची पायरी. आपल्या बोरिवलीच्या जंगलात एक झुडूप आहे. या मुलीने पहिलीत असताना आई-बाबांबरोबर जाऊन त्याची जांभळी फुलं पाहिली. पुढच्या वर्षी दुसरीत गेली, पुन्हा जंगलात गेली. फुलं नाहीत. तिसरीत नाहीत, चौथीत नाहीत. पाचवीत गेली, सहावीत गेली, तरी नाहीत. आठवी संपली तरी झुडूप आपलं हिरवंगार, पण फुलाचं नाव नाही. आणि नववीच्या पावसाळ्यात एकदम डोंगरच्या डोंगर जांभळे!

या झुडपाचं नाव कारवी. शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. ते पाठ नाही केलंत तरी चालेल. कारवी सात वर्षं नुसती वाढते आणि आठव्या वर्षी फुलते. आपल्याकडे ती २००० साली फुलली, मग २००८, मग २०१६, मग २०२४. ऑगस्ट-सप्टेंबरात कळ्या उमलायला लागतात, मधमाश्यांची नुसती झुंबड उडते. नंतर बोंडं धरतात, झुडूप वाळतं आणि मरतं. पण बोंडं झुडपावरच राहतात. पुढच्या पावसाळ्याचे पहिले थेंब पडले की ती तटतट आवाज करत फुटतात, बिया उडतात आणि नवी रोपं उगवतात. म्हणजे आपल्या गोष्टीतल्या मुलीने नववीत पाहिली ती पहिलीतली कारवी नव्हेच, तिची मुलंबाळं!

कारवीच्या सरळ काठ्या आदिवासी पाड्यांवर कुडाच्या भिंतींसाठी वापरतात. काठ्या उभ्या करून बांधायच्या आणि वर शेणमातीचा गिलावा. जंगलात राहणाऱ्या माणसांना कारवीचं हे आठ वर्षांचं कोडं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

पण जरा विचार करा. एखादा मोठा शास्त्रज्ञ परदेशातून २०१८ साली बोरिवलीला आला असता. त्याच्याजवळ भारी दुर्बीण, भारी कॅमेरा. त्याने वर्षभर तळ ठोकून कारवी तपासली असती. आणि वहीत काय लिहिलं असतं? 'या झुडपाला फुलं येत नाहीत.' बिचाऱ्याने खोटं काहीच लिहिलं नाही. जे दिसलं तेच लिहिलं. फक्त वेळ कमी पडला.

निसर्गातल्या पुष्कळ गोष्टी अशाच आहेत. एका वर्षात त्या कळतच नाहीत. त्यासाठी तेच ठिकाण, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं पाहत राहावं लागतं. आम्ही वर्गात रोज हजेरी घेतो ना, तशी जंगलाची, खाडीची, गवताची हजेरी घ्यावी लागते. एक दिवस हजेरी घेतली तर कोण आलं नाही एवढंच कळतं. वर्षभर घेतली तर कळतं, की अमुक मुलगा दर सोमवारीच का बरं येत नाही! शास्त्रज्ञ या कामाला 'दीर्घकालीन परिसंस्था संशोधन' म्हणतात. परिसंस्था म्हणजे एखाद्या ठिकाणची झाडं, प्राणी, माती, पाणी, हवा आणि त्यांचे एकमेकांशी असलेले सगळे व्यवहार.

केरळात मुन्नारजवळच्या डोंगरांवर कारवीचीच एक बहीण आहे, नीलकुरिंजी. ती बारा वर्षांनी फुलते. २००६ आणि २०१८ साली फुलली. तिच्या बहराची वर्षं १८३८ पर्यंत मागे मोजत नेता येतात. १८३८ पासून बारा-बारा मिळवत या, २०१८ येतं की नाही पाहा. वहीच्या कोपऱ्यात करून बघायला हरकत नाही.

आता जरा गंभीर गोष्ट. बिबट्याची.

आपलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव. पूर्वेला मुलुंड, भांडुप. चहूबाजूंनी इमारती आणि वस्त्या, आणि मधे बिबट्यांचं जंगल. जगात अशी शहरं फार थोडी आहेत. तुमच्या आई-बाबांना २००४ साल आठवत असेल. त्या वर्षी जंगलाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये बिबट्यांचे हल्ले फार वाढले. जून महिन्यात तर एकामागून एक माणसं दगावली. त्यांत लहान मुलंही होती. संध्याकाळ झाली की आया मुलांना दाराबाहेर पाऊल टाकू देत नसत.

अशा वेळी सगळ्यांना एकच उपाय सुचतो. पिंजरा लावा, बिबट्याला पकडा आणि लांब नेऊन सोडा. ऐकायला अगदी बरोबर वाटतं, नाही का? पण हा उपाय खरंच लागू पडतो का, हे ठरवायचं कसं?

त्याचं उत्तर आपल्या जंगलात नाही, तर पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या उसाच्या शेतांत सापडलं. तिथेही बिबटे उसात राहतात, तिथेच पिल्लं घालतात. २००१ सालानंतर तिथे मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातल्या हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या. बिबटे हलवायला लागण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. हलवायला लागल्यावर ते झाले वर्षाला १७! पकडलेला बिबट्या अनोळखी जागी सोडला की तो बिथरतो, आपल्या जुन्या घराकडे निघतो, वाटेत वस्त्या लागतात. आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या येऊन घेतो.

आता यात महत्त्वाचं काय आहे बघा. '१७' हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. आधीचा '४' माहीत होता म्हणून '१७' बोलका झाला. आधीच्या शांत वर्षांत, जेव्हा बिबट्याची बातमी पेपरात येत नव्हती तेव्हाही, कुणीतरी इमानाने नोंदी केल्या होत्या. त्या नसत्या तर हा उपाय नसून अपाय आहे, हे कुणाला सिद्धच करता आलं नसतं.

डॉ. अत्रेय यांनी अभ्यासलेला एक बिबट्या तर प्रसिद्धच झाला. २००९ साली तो टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढलं, गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. वय झालेला वाटला म्हणून त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. हे आजोबा काही घाटात थांबले नाहीत! चालत चालत, महामार्ग ओलांडत, खाडी पोहून पार करत सुमारे १२० किलोमीटरवर आपल्या बोरिवलीच्या जंगलात येऊन पोहोचले. एवढ्या प्रवासात त्यांनी कुणाही माणसाला इजा केली नाही. २०११ साली मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाची धडक बसून ते गेले. त्यांच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला. घरात मोठ्यांना विचारा, कुणीतरी पाहिला असेल.

२०११ सालीच वनखात्याने शास्त्रज्ञ आणि नागरिक यांना बरोबर घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' नावाचा उपक्रम सुरू केला. पिंजऱ्यांपेक्षा माहितीवर भर द्यायचा, असं ठरलं. आणि मग बोरिवलीच्या बिबट्यांचीही हजेरी सुरू झाली.

ती घेतात कशी? बिबटे काही 'हजर, बाई!' म्हणणार नाहीत. त्यासाठी जंगलातल्या पायवाटांच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. समोरून गरम अंगाचा प्राणी हलला की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, जसे आपल्या बोटांचे ठसे. गंमत म्हणजे त्याच्या डाव्या अंगाची नक्षी एक आणि उजव्या अंगाची दुसरी! म्हणून तर दोन कॅमेरे लागतात. मग हजारो फोटो समोर ठेवून, ठिपक्याला ठिपका जुळवून ठरवायचं, हा कालचाच की नवा?

२०१५ साली निकित सुर्वे या तरुण संशोधकाने अशी मोजणी केली, तेव्हा ३५ बिबटे ओळखता आले. २०१८ साली ४७. आणि २०२४ च्या मोजणीत ५४. उद्यानाबरोबर आरेसारखा लगतचा भागही यात येतो. पण नुसत्या आकड्यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तेच ते बिबटे वर्षानुवर्षं फोटोत दिसत राहिले, की कोणती मादी कुठे राहते, तिची पिल्लं कुठे गेली, कोण कोणता रस्ता ओलांडतो हे हळूहळू समजतं. ते काय खातात हेही त्यांची विष्ठा तपासून कळलं. चितळ-सांबर तर खातातच, पण जंगलाच्या कडेची भटकी कुत्रीही खातात. कुत्री कशाला जमतात? कचऱ्याला. म्हणजे वस्तीतला उघडा कचरा आणि बिबट्या यांचा असा संबंध निघाला. मग वस्तीवाल्यांना काय सांगायचं ते नक्की झालं. कचरा साठू देऊ नका, अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करून त्याला कोंडू नका.

याने प्रश्न संपला असं मात्र नाही. २०२२ साली दिवाळीत आरेमध्ये एका तान्ह्या बाळाचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. ज्या घरात असं घडतं तिथे आकडे सांगून उपयोग नसतो, हे मीही जाणते. पण पुन्हा घडू नये म्हणून काय करायचं, हे ठरवायला याच नोंदी लागतात.

आता आपल्या जंगलाबाहेर एक फेरी मारून येऊ.

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड नावाची जागा आहे. तिथल्या एका शेतात १८४३ सालापासून दर वर्षी गहू पेरतात. एका पट्ट्याला शेणखत, एकाला दुसरं खत, एकाला काहीच नाही. आणि दर वर्षीच्या गव्हाचे, मातीचे नमुने बरण्यांत भरून, चिठ्ठ्या लावून ठेवतात. आजीच्या लोणच्याच्या फडताळासारखं, पण एवढं मोठं की नमुने तीन लाखांच्या घरात! बरण्या भरणाऱ्यांना तेव्हा कुठे माहीत होतं, पुढे कोणती यंत्रं निघणार आहेत? जवळजवळ १६० वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या बरण्यांतला जुना गहू काढून त्यावरच्या बुरशीचे अंश तपासले. गव्हावरच्या दोन बुरश्यांपैकी कधी एक वरचढ व्हायची, कधी दुसरी. त्याचा संबंध हवेतल्या गंधकाच्या धुराशी होता. कारखाने वाढले तेव्हा एक बुरशी जोरात, धूर कमी झाला तेव्हा दुसरी. ज्यांनी गहू भरून ठेवला ते सगळे कधीच वारले होते.

अमेरिकेतल्या हवाई बेटांवर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी आहे. तिथे १९५८ सालापासून चार्ल्स कीलिंग यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. दर मे महिन्यानंतर तो कमी होत जायचा आणि सप्टेंबरनंतर पुन्हा वाढायचा. कारण उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात झाडांना पालवी असते, ती हा वायू ओढून घेते. हिवाळ्यात पानं गळतात, वायू पुन्हा वाढतो. समजा कीलिंगनी फक्त मे ते सप्टेंबर एवढंच मोजलं असतं तर? 'वायू कमी होतोय, काळजी नको' असं म्हणून ते घरी गेले असते! पण ते मोजतच राहिले. तेव्हा दिसलं की हा वर-खाली झोका दर वर्षी थोडा थोडा वर सरकतोय. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता, आता तो ४२० च्या वर गेला आहे. पृथ्वी तापते आहे असं आपण म्हणतो, त्याचा हा एक मोठा पुरावा. १९६४ साली पैसे कमी पडले म्हणून हे मोजमाप काही महिने बंद पडलं होतं. कीलिंगच्या आलेखात आजही तेवढी जागा रिकामी दिसते. पुढे त्यांच्या मुलाने, राल्फ कीलिंग यांनी, वडिलांचं काम हाती घेतलं.

आपल्या देशातही असं काम चालतं. तामिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलात प्रा. रामन सुकुमार आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली ५० हेक्टर जागा आखून घेतली. त्यातल्या एक सेंटीमीटरहून जाड असलेल्या प्रत्येक झाडाला नंबर दिला. रोल नंबरच म्हणा ना! कोण मेलं, कोण नवीन उगवलं, कोणाला हत्तीने मोडलं, कोण वणव्यातून वाचलं, याची हजेरी तिथे चालू आहे. पनामा देशातल्या एका बेटावर १९८० सालापासून अशाच ५० हेक्टरांची हजेरी होते. दोन्हीकडे पद्धत सारखी, त्यामुळे दोन जंगलांची तुलना करता येते. अमेरिकेने १९८० सालीच वाळवंट, गवताळ प्रदेश, जंगल अशा निरनिराळ्या ठिकाणच्या केंद्रांचं एक जाळं उभं केलं. १९९३ साली अनेक देशांचं मिळून जाळं झालं. आपल्या सरकारने २०१५ साली हिमालयापासून अंदमानपर्यंत अशी निरीक्षण केंद्रं जाहीर केली.

मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या मुलांनी तक्रार करायला नको, म्हणून त्यांच्या ठाणे खाडीचंही सांगते. हिवाळ्यात खाडी गुलाबी होते. फ्लेमिंगो येतात, मराठीत आपण त्यांना रोहित म्हणतो. १९९० नंतरच्या वर्षांत ते इथे मोठ्या संख्येने यायला लागले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ सालची. १९५९ सालापासून तिने पक्ष्यांच्या पायांत नंबराचं कडं घालून सोडण्याचा मोठा कार्यक्रम चालवला, डॉ. सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली. याच संस्थेने २०१८ पासून खाडीच्या रोहितांचा दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला. २०१९ च्या जानेवारीत सुमारे १ लाख २० हजार रोहित मोजले. २०२२ साली सहा पक्ष्यांच्या पाठीवर ठावठिकाणा कळवणारी छोटी यंत्रं बसवली. त्यांतला 'हुमायून' नावाचा रोहित उडाला आणि गुजरातेत भावनगरला पोहोचला.

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवरून जाणाऱ्या एका विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि ३९ पक्षी मेले. ते रात्री का उडाले, त्यांची नेहमीची वाट कोणती, ती बदलली असेल तर कशामुळे? खाडीच्या काठी बांधकामं वाढत असताना या प्रश्नांना अंदाजाने उत्तरं देऊन चालत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात.

'बाई, पण आम्ही अंधेरीला राहतो, आमच्याकडे ना बिबट्या ना रोहित!' बरं. झाड तर आहे ना सोसायटीत? २०१० पासून आपल्या देशात 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम चालू आहे. त्यात एकच झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याच्याकडे पाहून लिहायचं. केरळातल्या शाळांमधल्या मुलांनी यात खूप नोंदी केल्या आहेत.

आमच्या चौथीच्या वर्गातही अशी एक वही आहे. शाळेबाहेरच्या सावरीच्या झाडाची. जूनमध्ये नवी चौथी आली की जुनी चौथी तिला वही देते. अक्षर दर वर्षी बदलतं, झाड तेच. एका वर्षाच्या पानावर नुसतं लिहिलंय, 'यंदा फुलं फार कमी.' त्याखाली वेगळ्या पेन्सिलीने, 'पावसाळ्याआधी खूप फांद्या तोडल्या होत्या, मे महिन्याचं पान बघ.' हे कुणी शोधून काढलं ते मला माहीत नाही, पण त्याला शाबासकी द्यायची राहिली आहे.

तुम्हाला अशी वही करायची असेल तर काही गोष्टी सांगते. पहिल्या पानावर झाडाची जागा अशी लिहा, की तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसालाही ते झाड सापडेल. 'गेटजवळचं झाड' असं नको, कारण गेट बदलतात. आठवड्याचा वार एकच ठेवा. पालवी, कळी, फूल, फळ, पानगळ यांपैकी काय दिसलं ते लिहा. काहीच दिसलं नाही तर 'काही नाही' असं लिहा, पान कोरं ठेवू नका. कोऱ्या पानावरून पुढच्या मुलांना कसं कळणार, की फूल नव्हतं की तुम्ही गेलाच नव्हतात? गावाला जाणार असाल तर शेजारच्या मित्राला वही देऊन जा. जमलं तर पावसाचीही नोंद ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला १०० सुद्धा नाही! म्हणून आपल्या दारातला पाऊस आपणच मोजलेला बरा.

आणि पेनाने नको, पेन्सिलीने लिहा. पावसात वही भिजली की शाई पसरते, पेन्सिल तशीच राहते.